बारावी मूठ

अण्णा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि मी आज हे लिहायला बसले आहे. सरळच सांगते. अमेरिकेला गेलेल्या त्या बारा चामड्याच्या मुठींमधली शेवटची मूठ मी हातानं शिवली नव्हती, मशीनवर शिवली होती. वैजापूरहून परत आल्यावर चप्पल काढता काढता तुम्ही विचारलंत, "हाताचीच हाय ना?" आणि मी "व्हय" म्हणाले. तुम्ही "मग झालं" म्हणालात आणि भाकरी मागितलीत. त्यावर तुम्ही पुन्हा कधी बोलला नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून एका माणसाच्या जिवाची भीती उरात घेऊन वावरते आहे, आणि त्याचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही.

शहागंजातल्या आपल्या दुकानात तेव्हा टांग्याचं काम जवळजवळ संपलं होतं. रिक्षा वाढल्या, टांगेवाले एकेक करून घोडे विकून मोकळे झाले, आणि तुमच्या हातचे पट्टे मागायला यायचे ते फक्त बैलांच्या शर्यतीचे शौकीन. अशात तो निर्यातवाला शेठ एक फोटो घेऊन आला. फोटोत एक घोडा उधळून मागचे पाय आभाळात टाकतो आहे, पाठीवरचा गोरा माणूस जवळजवळ आडवा झाला आहे, त्याचा एक हात हवेत आणि दुसरा घोड्याच्या खांद्यामागं बांधलेल्या चामड्याच्या मुठीत. अमेरिकेत याला रोडिओ म्हणतात, शेठ म्हणाला, आठ सेकंद टिकला की जिंकला. तुम्ही तो फोटो दाराच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिलात.

"लगाम कुठं हाय?" तुम्ही विचारलंत.

"लगाम नसतो, अण्णा."

"रिकीब?"

"तीपण नाही. खोगीरपण नाही. ही मूठ, बस."

"म्हंजी त्या बाबाचा समदा जीव आपल्या मुठीत," तुम्ही म्हणालात. शेठ हसला. तुम्ही हसला नाहीत.

बारा मुठींचं काम ठरलं आणि पुढे महिनाभर तुम्ही त्या न पाहिलेल्या माणसावर तोंडसुख घेत होतात. धडधाकट घोडा मुद्दाम बिथरवायचा आन् मग त्याच्यावर बसायचं, याला अक्कल म्हणायचं का, असं येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचात. पण एकेक मूठ पुरी झाली की ती खुंट्याला बांधून, भिंतीला पाय लावून, दोन्ही हातांनी अंगातलं सगळं बळ काढून ओढायचात. मानेच्या शिरा फुगायच्या. मला आधी हसू यायचं. मग एकदा तुमच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि कळलं की तुम्ही भ्यालेले आहात. तुम्हाला भ्यालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मशीन माझं होतं. बंद पडलेल्या एका चपलांच्या कारखान्यातून ते धूड तुम्ही माझ्याच हट्टापायी आणलं होतं. दाभणासारखी सुई, पायाखाली मोटरचं पायडल, आणि चार पदरी चामड्यातूनही ती सुई खटाखट आरपार जायची. मला त्याचं भारी कौतुक. तुमची शिलाई दोन सुयांची. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांच्या सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून काढायच्या, हात फाकवून आवळायचं, मग पुढचं भोक. एका मुठीला दोन दिवस. मशीनवर तेच काम चहा निवायच्या आत होतं, असं मी एकदा म्हणाले आणि टांग्याचा एक तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, मशीनवर शिवून तुमच्या पुढ्यात टाकला. दिसायला तुमच्यापेक्षा देखणा होता. तुम्ही रापी उचललीत, मधला एकच टाका कापलात आणि पट्टा माझ्या हातात दिलात. "ओढ," म्हणालात. मी ओढते आहे आणि ती देखणी शिवण माझ्या डोळ्यांदेखत या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत जाते आहे. मग तुम्ही स्वतःच्या हातच्या जुन्या पट्ट्याचा टाका कापलात आणि तोही ओढायला लावलात. तो जागचा हलला नाही. "हाताचा टाका शेजारच्याच्या भरवशावर नसतो," तुम्ही म्हणालात. "पिशव्या शिव, पाकिटं शिव, लई झकास मशीन हाय. पन ज्याला जीव लोंबतो ते हातानंच." त्यानंतर चारच दिवसांनी तुम्ही मला माझी स्वतःची आरी दिलीत, दांडा माझ्या पंज्याच्या मापानं तासलेली.

ते सलग तिसरं कोरडं साल होतं. शहर चहूकडं पसरत होतं, जालना रस्त्याला नव्या वसाहती उभ्या राहत होत्या, आणि आपल्या गल्लीतल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. टँकर आला की बायका कोपरानं एकमेकींना ढकलायच्या, त्यात मीही असायचे. जाड चामडं भिजवल्याशिवाय आरीला वाट देत नाही, त्यामुळं आपलं कामही टँकरच्या तोंडाकडं बघत बसायचं. अकरा मुठी झाल्या होत्या. बारावीचं चामडं कापून तयार होतं तेवढ्यात वैजापूरहून आत्याचे मालक गेल्याचा निरोप आला. तुम्ही आणि आई निघालात. "चामडं भिजू घाल," तुम्ही दारात म्हणालात. "हाताला मऊ लागलं की मग शिव. घाई करू नगं. माल न्यायला गाडी परवा दुपारी येनार." मी एकोणीस वर्षांची होते आणि एक अख्खी मूठ तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली होती.

दुसऱ्या दिवशी टँकर यायचा होता, तो आला नाही. मला चामडं भिजवता आलं नाही, कारण पाणी नव्हतं. पुढे नवऱ्याला ही हकिकत सांगितली तेव्हा मी अशीच सांगितली. कोरडं चामडं गुडघ्यांतल्या लाकडी चिमट्यात धरून मी आरी लावली. तळहाताला फोड आले, फोड फुटले, आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ उजाडली तरी दोन बोटंसुद्धा शिवण झाली नव्हती. मग आरीचं टोकच मोडलं. गाडी दुपारी येणार. मी बाहेर पाहिलं, गल्लीत ऊन आणि रिकामे हंडे. मी मशीनचं बटण दाबलं. सुई कशीबशी आत शिरत होती, प्रत्येक टाक्याला मशीन कण्हत होतं, आणि पट्टा जिथं मुठीकडं वळतो तिथं सुई वाकली आणि एक टाका चुकला. मी तो स्पष्ट पाहिला. वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकलाच नव्हता. उसवायला वेळ नव्हता. मी त्यावर मेण घासलं, मोगरीनं ठोकून शिवण बसवली, आणि आरीच्या मोडक्या टोकानं वरचे टाके एकेक करून तिरपे केले, तुमच्या हातचे दिसतात तसे. दोनदा टोक घसरून चामड्यावर ओरखडा उठला. गाडीवाला आला, पोतं उचललं आणि गेला. मी उंबऱ्यात बसून राहिले.

चार-पाच महिन्यांनी शेठ आला. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हाच मला वाटलं, ती मूठ त्याच्या पिशवीत असणार, उसवलेली. मी मशीनवर पाकीट शिवत होते, पायडलवरचा पाय दाबवेना. माल बढिया गेला, तो म्हणाला. तुम्ही ताबडतोब विचारलंत, "कुनी पडलं-बिडलं न्हाई ना?"

"अण्णा, पडायचाच खेळ आहे तो. सगळेच पडतात."

"तसं नाय. मूठ सुटून कुनी पडलं का, ते सांगा."

"तसं काही कानावर नाही आलं," शेठ म्हणाला आणि चहा प्यायला.

तुमचं समाधान झालं. माझं कसं होणार होतं? कानावर आलं नाही म्हणजे झालं नाही असं थोडंच आहे. मला पुढं होऊन विचारता आलं असतं, तिकडं पत्र टाकायला सांगता आलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं नाही तोवर तो माणूस जिवंत आहे, असा एक हिशेब मी मनाशी मांडला होता, आणि अजून मोडलेला नाही.

आता माझी शेड करमाडच्या अलीकडं आहे. तुम्ही पाहिलं होतं तेव्हा तिथं बाभळी होत्या, आता कारखान्यांच्या भिंती आणि ट्रकच्या रांगा. आठ बाया कामाला आहेत. घोड्यांच्या क्लबांचे पट्टे, लगाम असं काम येतं, आणि जीव लोंबणारी प्रत्येक शिवण मी हातानं करून घेते. बाया चिडवतात. "म्याडम, मशीन काय खातंय व्हय तुमाला?" मी हसते आणि खिशातलं भिंग काढून पुन्हा शिवण बघते. दुपारच्या सुट्टीत सगळ्या डबे उघडून बसतात तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर ते रोडिओचे खेळ बघते, आवाज बंद करून. माणूस उडाला की मी त्याच्याकडं बघतच नाही, घोड्याच्या पाठीकडं बघते, मूठ जागेवर आहे का. जागेवर असते. दुसरा माणूस, दुसरा घोडा. कुठल्याही पडण्यावरून काही कळत नाही, कारण तिथं सगळे पडतातच. एवढ्या वर्षांत ती मूठ केव्हाच झिजून फेकली गेली असेल हे मलाही कळतं. भीती झिजत नाही, त्याला मी काय करू.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी दहा दिवस उशाशी होते. तुम्ही दवाखान्यातल्या सिस्टरला सांगत होतात, "आमच्या लेकीच्या हातची मूठ अमेरिकेत घोड्यावर हाय." ती बिचारी कौतुकानं माझ्याकडं पाहायची. दर वेळी मला वाटायचं, आता तुम्ही मान वळवाल आणि पुन्हा विचाराल. विचारलं असतंत तर मी पुन्हा "व्हय"च म्हणाले असते, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा रडता रडता मला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहू शकते. नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. टँकर आला नव्हता हे खरं आहे, पण पाणी होतं. मोरीत फळीनं झाकलेली एक भरलेली बादली तुम्ही त्या चामड्यासाठी ठेवून गेला होतात, दोन दिवस अंघोळ न करता वाचवलेली. मयतीच्या घरी जायचं होतं तरी ओल्या फडक्यानं नुसतं तोंड पुसून निघालात. तुम्ही आणि आई वळणाआड गेलात तशी मी फळी काढली आणि त्या पाण्यानं केस धुतले. सण नव्हता, कुणी मला बघायला येणार नव्हतं. उद्या टँकर येईल असं वाटलं, आणि डोकं खाजत होतं. एवढंच कारण होतं, अण्णा.