माकचा नंबर अजून चालू आहे

मेलाका,
मंगळवार, २ जून

प्रिय सिओक,

तू आणि केनेथ मुआरला सुखरूप असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याच्याशी माझं जमलंय. सिस्टर बेनेडिक्टा पत्रलेखन शिकवायच्या तेव्हा आधी प्रकृती आणि मग हवा, असा क्रम असायचा, म्हणून हवाही सांगते. उकाडा असा की अंडं-नारळाच्या गोड कायाच्या बरण्या दुपारी पाण्यात ठेवाव्या लागतात.

फोन करायचा सोडून थोरल्या बहिणीने, तुझ्या ताचीने, पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी कोणाशी बोलते आणि ते कोण वाचतं, याचा मला भरवसा राहिलेला नाही. पाकिटाला निदान डिंक असतो.

दुकान चालू आहे. सकाळी निळ्या भाताच्या वड्या, दुपारी नारळाच्या. पानात बांधून उकडलेले तांदळाचे चांग मात्र यंदा नाहीत. माकसारखी आई जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, आणि सुतकाच्या वर्षात आपल्या घरात चांग बांधायचे नाहीत, हे तुला मी सांगायला नको. सण आला तरी दुसऱ्या कोणी दिले तर खायचे, एवढंच. दारावर पाटी लावली आहे. जुनी गिऱ्हाइकं पाटी वाचतात, हळहळतात, आणि कोपऱ्यावरच्या त्या नव्या थंडगार दुकानात शिरतात. एकदा तिथली सवय लागली की पुढच्या वर्षी ती माझ्याकडे कशाला येतील? माकने उभं केलेलं दुकान माझ्या हातून मिटणार, हा विचार डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात मिसेस नोनिस आल्या. वय झालं तरी लिपस्टिक लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

"ग्योक, यंदाचे चांग झकास! मिरी जरा सढळ पडलीय, पण धन्याचा वास अगदी तुझ्या आईच्या हातचा."

"मिसेस नोनिस, मी यंदा एकही चांग बांधलेला नाही."

"मग मी काय दगड खाल्ले? तुझ्याच वेबसाइटवर मागवले, कुरियरने आले, खोक्यावर तुझ्याच दुकानाचं नाव. म्हाताऱ्या बाईची टिंगल करतेस होय?"

संध्याकाळी त्यांनी राहिलेला एक चांग आणून माझ्यासमोर ठेवला. मी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि "हो, विसरलेच" असं काहीतरी पुटपुटले. त्यांना ते पटलं नाही. मलाही.

वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘चांगच्या ऑर्डरी सुरू’. हे मी लिहिलेलं नाही. मला ते पुसताही येईना, कारण आत शिरायचा पासवर्ड माझ्याकडे नाही. वेबसाइट केनेथने करून दिली, तेव्हा माक म्हणाली होती, "दुकान माझं, तर नंबर माझाच घाला," आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. आता पासवर्ड बदलायचा तर कोड माकच्या फोनवर जातो.

आधी मला त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा संशय आला. मग, खरं लिहिते, केनेथचा. माकच्या तेराव्या दिवशी अंगणात तो म्हणाला होता, "दुकानाच्या नावात सिओकचाही वाटा आहे, ताची, विसरू नका." मी विसरले नव्हते. त्याने आठवण करून दिली, तेच मला टोचलं.

नगरपालिकेच्या सभागृहात लहान दुकानदारांसाठी फुकट वर्ग चालतो, तिथे गेले. शिकवणारी फरहाना डोक्याला पिवळा रुमाल बांधून, मुलांना पाढे विचारावेत तसं एकेकाला उभं करत होती.

"पाक्चिक रोस्ली, तुमच्या दोदोल-मिठाईच्या वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर नोंदलंय?"

"मेहुण्याच्या."

"मग त्याच्याकडून आपल्या नावावर करून घ्या."

"आम्ही बोलत नाही एकमेकांशी."

सगळे हसले. मसाल्याच्या दुकानाचे मुथय्या छाती पुढे काढून म्हणाले, "माझं सगळं पक्कं आहे. पासवर्ड म्हणजे बायकोचा वाढदिवस."

"मग चोराला नाही सापडायचा," रोस्ली म्हणाले, "तुम्हालाच कुठे आठवतो तो!"

माझी पाळी आली. कोड कोणत्या फोनवर जातो, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आईच्या.

"मग आईला घेऊन या, मॅडम. पाच मिनिटांचं काम."

"आई टेकडीवर आहे."

"टेकडीवर रेंज नसते का?"

"रेंज असेल. पण ती मातीखाली आहे, आणि फोन तिच्याबरोबर."

मग मुथय्यांनी हळूच विचारलं, "फोन का पुरलात?" मी सांगितलं, तिला फार आवडायचा. शेवटी शेवटी देवघरात जातानाही हातात असायचा. आपल्याकडे आवडीच्या वस्तू बरोबर देतात. कोणी चष्मा ठेवतं, कोणी पत्ते. आम्ही फोन दिला. माझ्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या हाताने तिच्या उशाशी ठेवला.

फरहाना हसली नाही. तिने माझ्यासमोर त्या नंबरवर फोन लावला. घंटी वाजली, सिओक. कोणी उचलला नाही, पण वाजली.

"रिचार्ज केल्याशिवाय असा नंबर इतके महिने जगत नाही, मॅडम," ती म्हणाली. "याला कोणीतरी खाऊ घालतंय. सिम पेटीत गेलेलंच नाही."

मग तिने उपाय सांगितला. मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीत जायचं, तो नंबर बंद करायचा, वेबसाइट माझ्या नावावर आणायची. आणि यापुढे दोन माणसांचे नंबर ठेवायचे, कधीही एकट्याचा नाही. येत्या सोमवारी ती माझ्याबरोबर यायला तयार होती.

इथपर्यंत मी तुला जे लिहिलं ते फरहानाला माहीत आहे. पुढचं तिला माहीत नाही.

माक गेल्यापासून दुपारी दुकान मिटलं की मी तिच्या नंबरवर निरोप पाठवते. बोलून पाठवते, कारण तिला वाचायचा कंटाळा. वेडेपणा आहे हे मला कळतं. फोन मातीत आहे, निरोपापुढे एकच करडी खूण उमटते आणि तशीच राहते, हे पाहून मला बरं वाटायचं. कोणी ऐकत नाही म्हणूनच तर सगळं सांगता यायचं. आज कोण आलं, कोण पाटी वाचून परत गेलं, मला दुकानाची कशी धास्ती वाटते. तुझ्याबद्दलही पुष्कळ सांगितलं. सिओक अंत्ययात्रेत रडली नाही. सिओकने साधा फोन केला नाही. तुझ्या वाढदिवसाला मी शेवयांचा वाडगा करून टेबलावर ठेवला आणि माकला म्हटलं, "तुझ्या लाडकीला मी हाक मारणार नाही, पण तिच्या नावाने शेवया केल्या, आता तूच खा."

एप्रिलच्या मध्यात एके दिवशी माझ्या निरोपापुढे दोन खुणा आल्या, आणि त्या निळ्या झाल्या.

तुला हसू येईल, पण कॉन्व्हेंटात आठ वर्षं काढलेल्या बाईने आधी क्रॉसची खूण केली, मग देव्हाऱ्यात उदबत्ती लावली. मला खरंच वाटलं, माकने ऐकलं. आणि पुढच्याच आठवड्यात वेबसाइटवर ती चांगची ओळ आली असावी. आता हिशोब लावते तेव्हा दोन्ही गोष्टी लागूनच येतात.

मिसेस नोनिसच्या त्या चांगाचा दोरा मी पाहिला होता. गाठ डावीकडून ओढायची होती. शाळेत सिस्टरांनी तुझा डावा हात पट्टीने झोडून उजव्याने लिहायला लावलं, पण स्वयंपाकघरात माकने तुला कधी अडवलं नाही. आपल्या घराण्यात डावी गाठ बांधणारी एकच. दोरा मी जपून ठेवला आहे, पुरावा म्हणून म्हण.

मला तुझा राग यायला हवा, आणि आलाही. मग बँकेत गेले. चांगच्या ऑर्डरींचे सगळे पैसे दुकानाच्याच खात्यात जमा आहेत. तुझ्या नाही, केनेथच्या नाही. मी त्या खिडकीतल्या मुलीला दोनदा विचारलं. चोर असं करत नाही, हे मला कळतं. पण म्हणूनच माझा संशय जास्त वाढतो. तू लग्न करून दुसऱ्या घरची झालीस, तुझं सुतक कधीच संपलं, तू चांग बांधलेस तर कुठलाही नियम मोडत नाही. माझी भीती ऐकून तू गुपचूप दुकान सांभाळलंस? की उद्या केनेथ येऊन म्हणेल, पाहा, मोसमभर दुकान कोणी चालवलं?

आणि सिम कधी काढलंस? झाकण लावायच्या आधी, माझ्या पाठीमागे? कशासाठी? दुकानासाठी म्हणालीस तर मी विश्वास ठेवीन. माकचे जुने निरोप ऐकायला म्हणालीस तरी ठेवीन. पण समोर बसून सांग. लिहून नको, त्या नंबरवरून तर अजिबात नको.

सोमवारी मी दाखला घेऊन जाणार होते. फरहानाला एक आठवडा थांब म्हटलंय, कारण सांगितलं नाही. तू सिम घेऊन आलीस तर वेबसाइटवर दोन नावं घालू, दुकान आपल्या दोघींचं. नाही आलीस तर नंबर बंद होईल आणि दुकान एकटीचं होईल, आणि मग आपण दोघी काय होऊ, ते मला लिहवत नाही.

त्या नंबरवर मी आता काही बोलत नाही. दुपारी दुकान मिटल्यावर फोन उलटा ठेवून बसते. माक ऐकत नव्हती, हे एक वेळ सोसेन. तू ऐकत होतीस आणि एकदाही "ताची" म्हणाली नाहीस, हे सोसत नाही.

मिरी खरंच जास्त पडली होती. आलीस की दाखवते.

तुझ्यावर अजूनही संशय असलेली आणि दार उघडं ठेवलेली,
तुझी ताची,
ग्योक