ताईचा क्लच

३, मंगळवार

ताईने आज सात वेळा गाडी बंद पाडली. तीही चौकात, सिग्नल हिरवा असताना. मागून हॉर्नचा गजर, तर मला म्हणते, "तुला बरेच लोक ओळखतात रे!" एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, मठ्ठातले मठ्ठ तयार केले. आणि सख्ख्या थोरल्या बहिणीला दोन महिन्यांत क्लच सोडता येईना. वीस तारखेला परीक्षा. नापास झाली तर मी तोंड कुठे लपवू?

५, गुरुवार

ताई म्हणाली, आज धडा नको, तो शर्यतीचा सिनेमा दाखव, भीड चेपेल. दुपारचा खेळ गाठला.

हिरोने अडीच तासांत एकदाही इंडिकेटर दिला नाही. सीटबेल्टचा पत्ता नाही. गिअर मी मोजले — चौदा वेळा वर, खाली एकदाही नाही. अशी गाडी कुठे मिळते? भर बाजारात पार्किंगही लगेच! गोष्ट म्हणाल तर भाऊ रुसतो, पूल पडतो, भाऊ हसतो.

पण खोटं कशाला लिहू — पुलावरून गाडी उडाली तेव्हा मी करकचून ब्रेक दाबला. म्हणजे पुढच्या खुर्चीला लाथ बसली. तिथल्या बाई मध्यंतरापर्यंत वळून बघत होत्या. इंजिनांचे आवाज अस्सल. आणि खलनायिका काय चालवते! पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिला मी डोळे मिटून पास केलं असतं.

ताई मध्येच पुटपुटली, "हँडब्रेक ओढून वळवतोय, क्लच कोण दाबणार, मेल्या?" बरोबर होतं. हे मी तिला कधी शिकवलं ते आठवेना, पण शिकवलंच असणार.

६, शुक्रवार

चहा पिताना ताईने ताटली धरून हिरोची नक्कल केली. पोट दुखेपर्यंत हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. वर्ष होईल. स्कूलला कुलूप लावून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ताई चाळीस वर्षं दुसऱ्या गावी संसार करून पलीकडच्या गल्लीत राहायला आली, आणि एका सकाळी सातला दारात उभी — "ऊठ. मला गाडी शिकव."

११, बुधवार

नऊ वेळा.

१९, गुरुवार

उद्या परीक्षा. ताई आत चहा टाकत होती, म्हणून कागद काढायला मीच गाडीत राहिलेली तिची पर्स उघडली. तळाशी एक लायसन्स. जुनं, पुस्तकासारखं. फोटोत दोन वेण्या, तेच नाक. माझ्या लायसन्सच्या चार वर्षं आधीचं. नूतनीकरणाचा शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा.

होतं तसं परत ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, "ताई, तुझी काही तयारी झालेली नाही. परीक्षा पुढे ढकलू. उद्या सातला ये."