जावईबापूंनी पाडलेला उजेड

धुळे, १२ जुलै ८९
सोसायटीच्या ऑफिसात आज परत हिरवी अक्षरं वर पळायला लागली, थांबेचनात. नानांनी (आमचे हेड ऑपरेटर) मॉनिटरच्या डोक्यावर थापट मारली. उपयोग शून्य. मी मागे हात घालून होल्डचं बटण जरासं फिरवलं, थांबली. "शिकली गं पोरगी!" पोरगी काय, पोरगी? त्यांच्याइतकंच काम करते.
पुढे दोन बटणं आहेत, रेडिओसारखी. एक उजेडाचं, एक गडद-फिक्याचं. पाळी बदलली की जो तो आपल्या डोळ्याला लावून घेतो, कुणी कुणाला विचारत नाही. या ऑफिसात एवढी एकच गोष्ट शहाणपणाची.

जळगाव, २० मे ९४
भाऊंच्या (आमचे मालक) प्रेसमध्ये रुळले एकदाची. शिशाचे खिळे गेले, आता अक्षरजोडणी पडद्यावर, आणि ती माझ्याकडे. पण पुढची बटणं गायब! त्याऐवजी कडेखाली दातेरी चाकं, काळ्यावर काळी, बोटांनी चाचपडत शोधायची. कुणी चोरून नेणार होतं का? ऊन दारातून थेट पडद्यावर. सकाळी उजेड वाढव, दुपारी दाराचा पडदा ओढून कमी कर. चाक बोटाच्या सवयीचं झालंय, तेवढं बरं.

१३ ऑक्टो. ९७
दसऱ्याला भडगावला होते, विहारात, घरच्यांबरोबर. आज येऊन बघते तर उजेडाचं चाक फिरेना. अक्कांनी (भाऊंच्या आई) यंत्रपूजा केली आणि ओलं हळदकुंकू नेमकं चाकावर वाहिलं. छपाईच्या मशीनला चालतं ते, लोखंडाला काय होतंय. हे नाजूक.
भाऊ म्हणे, "तूच दिवसभर फिरवते, म्हणून गेलं."
म्हटलं, दात्यांमध्ये कुंकू दिसतंय, बघा.
"आईला काही बोलू नको."
म्हणजे दोष माझ्या नावावर. वा रे न्याय.

४ नोव्हें.
नवा रंगीत मॉनिटर आला, सोबत भाऊंचे नवे जावई. पहिला दिवाळसण. धुळ्याचे, कॉम्प्युटरचा कोर्स केलेले. त्यांनी पाटावर बसावं तसं माझ्या खुर्चीत बसून घेतलं.
फिरवायचं काही उरलंच नाही. सपाट बटणांची रांग. दाबलं की पडद्यातच एक चौकट उगवते आणि तीत उजेड, रुंदी, उंची, सगळं. बघायला छान, खोटं का बोला. पण एका बोटाचं काम चार दाबण्यांवर गेलं.
ज.बा.नी (जावईबापूंनी) उजेड पुरता वर नेला. "रस्त्यावरून गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे." भाऊ म्हणाले, ही सारखी फिरवते हो. त्यावर त्यांनी दोन बटणं एकदम दाबून धरली. चौकटीत कुलपाचं चित्र. "आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही!"
सगळे हसले. माझ्या डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखं होतंय आणि हे हसतात.

११ नोव्हें.
लग्नपत्रिकांची रीघ. दुपारनंतर अक्षरांच्या कडा फुटतात. आज एका पत्रिकेत नवरदेवाच्या गावाच्या नावावरचा अनुस्वारच दिसला नाही मला. मला! ज्या डोळ्यांवर ही प्रेस चालते ते.
डॉ. म्हणाले, उजेड कमी करा, नाहीतर हे काम सोडा. सोडून काय करू? हेच येतं, आणि हेच आवडतं.

१४ नोव्हें.
भाऊंना म्हटलं, जावयांना एक फोन करा, कुलूप कसं काढायचं विचारा. माहितीपुस्तक पण तेच घेऊन गेलेत.
"नव्या जावयाला? सण करून पाठवलं, आणि आता फोन करून सांगू की तुमचं चुकलं?"
चुकलं असं म्हणायचं नाही, फक्त विचारायचं.
"एकच झालं ते."
अक्का आतून, "जवाईनी करेल शे बाई, हात लावू नको. डोयामा गुलाबपानी टाक."
जावयांनी केलंय म्हणून हात लावायचा नाही, आणि डोळ्यांत गुलाबपाणी!

१७ नोव्हें.
मीच केला फोन. एसटीडीच्या काचेच्या खोक्यातून, घामाघूम होऊन. आधी ज.बा. ऐटीत, "कोण? अच्छा, ऑपरेटर." मग कुलपाचा विषय काढला तशी ऐट उतरली. शेवटी बारीक आवाजात,
"ताई, लावता आलं, काढता येत नाहीये. तिथंच प्रयत्न केला होता, तुम्ही जेवायला गेल्यावर. सासऱ्यांना सांगू नका."
म्हटलं, पुस्तक तरी पाठवा, धुळे गाडीच्या कंडक्टरकडे द्या, मी बघते.
"मग कळेलच ना त्यांना."
ठेवला त्यांनी. त्यांचं नाक शाबूत राहावं म्हणून माझे डोळे गेले तरी चालतील. बाहेर येऊन रस्त्यात उभी राहून रडले, रागानं.

१९ नोव्हें.
भाऊंना सांगितलं. अक्कांसमोरच. कुलूप जावयांनाही काढता येत नाही आणि तेच सांगू नका म्हणालेत. भाऊंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी डोळ्यांचं विचारतील.
"तू जावयाला फोन केला? परस्पर?"
एवढंच. बाकी काही ऐकूच गेलं नाही त्यांना. अक्का मात्र जाताना हळूच, "खरं बोलनी तू. पन बोलाले नको व्हतं."
का नको? कुणासाठी?

२० नोव्हें.
आले वेळेवर. मशीन सुरू केलं नाही. भाऊंना म्हटलं, या उजेडात मी एक अक्षर जोडणार नाही. ते म्हणाले, दुसरी ऑपरेटर बघतो. बघा म्हटलं. हात मांडीखाली दाबून बसले. पत्रिकावाले बाकावर येऊन बसलेत, एक नवरीचा बाप आहे, सारखा घड्याळ बघतो.
हे खुर्चीत बसूनच लिहितेय. पडदा काळा. भाऊ टेबलाशी उभे आहेत, फोनचा रिसीव्हर हातात, नंबर अजून फिरवलेला नाही, जावयांचा की दुसऱ्या ऑपरेटरचा. माझ्याकडे बघत नाहीत.