पाचवी काच

सर, पाचवी काच मी नीट धुतली होती. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी हे आत्ता सांगते आहे, याचाही राग येतो.

अमरावतीच्या आपल्या प्रयोगशाळेत मी तापलेल्या काचांवर लोखंडाच्या क्षाराचा फवारा मारून ऑक्साईडचे थर बसवत असे. काच आधी तोलायची, थर बसल्यावर पुन्हा तोलायची आणि वजनाच्या फरकावरून जाडी काढायची, ही तुमचीच शिकवण. पाच काचा, पाच जाड्या. चुंबकत्व मोजायला त्या बाहेरगावी पाठवल्या आणि चार महिने वाट पाहिली. चार जाड थरांचे आलेख तुम्हाला हवे तसे आले. चुंबकक्षेत्र काढून घेतल्यावरही त्यांच्यात थोडं चुंबकत्व उरत होतं. सगळ्यात पातळ, पाचव्या थरात काहीच उरलं नाही. तुम्ही तो आलेख हातात धरून उभे आहात, सगळे ऐकताहेत. "काहून वं, काच धुतली होती का तशीच ठेवली?" माझ्याबरोबरचा एक जण म्हणाला, "चहाच्या बशीसंगं धुतली असन, सर." तुम्ही हसलात. मग म्हणालात, "काढून टाक हे. चारच दाखव." मी चारच दाखवले. पदवी मिळाली, पण विभागात मी शेवटपर्यंत 'बशीवाली' राहिले.

आता मी अकोल्याला शिकवते. अकोटहून रोज एसटीने येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात तसाच पातळ थर केला. आलेखही तसाच आला. आम्ही त्यातल्या कणांचा आकार मोजून घेतला. थर जेवढा पातळ, तेवढे कण बारीक. इतके बारीक, की खोलीतली साधी उष्णतासुद्धा त्यांची दिशा फिरवते. क्षेत्र आहे तोवर सगळे एका बाजूला, काढलं की पांगले. आणि काच घाण असती, थर बसलाच नसता, तर क्षेत्रातही काही दिसलं नसतं. माझ्या आलेखात रेष चढली होती, सर! तुम्ही ती पाहिलीच नाहीत. हे सगळं तेव्हाही पुस्तकांत होतं, तुम्ही कुलपात ठेवायचात त्या कपाटातल्या.

माझ्या पाचव्या काचेची गोष्ट ऐकून विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मंग तुमी भांडल्या काहून नाई?" मी म्हणाले, आमचे सर कोणाचं ऐकून घेत नसत. तिला ते पटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. प्रबंध बांधायला देण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला राजापेठेतल्या घरी बोलावलं होतं. काकूंनी पोहे दिले. त्या आत गेल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "त्या पातळ थराचं तुले खरंच काय वाटते?" मी मान वर न करता म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, सर."