अँटेनाखालच्या दोन पिना

३ फेब्रुवारी
मोटार आपोआप सुरू झाली. आज दुपारी, सुलतानपूरला, मावशीच्या मळ्यात. मावसा शेताच्या धुऱ्यावर बसून हरभऱ्याचे सोले खात होते, रिमोट त्यांच्या खिशात. एकदम पाइपातून भसकन पाणी.
"दाबलं का बे तू?"
"नाही मावसा. रिमोट तं तुमच्यापाशी."
"मंग डब्ब्यालेच तहान लागली म्हणाव!"
मावशीपण हसली. मला नाही आलं हसू. डबा मी बनवलाय. विहिरीवरच्या खोपीत, स्टार्टरशेजारी. आत एक बोर्ड अन् रिमोटशी बोलणारा एक छोटा रेडिओ, बस. घरून बटण दाबलं की मोटार चालू, म्हणजे मावशीला अंधारात पाणी द्यायला जावं लागत नाही. मागं तिच्या पायाखाली साप आला होता, तेव्हापासून डोक्यात होतं.

४ फेब्रु.
डबा उघडणार होतो. वाटेत बोरीला बोरं. मग मेंढरंवाले भेटले, त्यांच्यासंगं बोलत बोलत कुठच्या कुठं. परत आलो तं दिवस गेला.

५ फेब्रु.
उघडला. लॅपटॉप जोडला. रेडिओ नुसता ऐकतो तोवर ठीक. पण मधूनमधून तो स्वतः बोलतो, 'मोटार बंद आहे' असं रिमोटला कळवतो, तेव्हा त्याच्यातून बोर्डात जाणाऱ्या तारेत कचरा अक्षरं. वाट्टेल ती. त्यात १ आला की मोटार चालू! प्रोग्राममध्ये मीच तसं लिहून ठेवलंय. एका अक्षरावर अख्खी मोटार.
अन् त्या तारा बोर्डाला जिथं जोडल्या, त्या दोन पिना? त्यापण मीच निवडल्या. बरोब्बर अँटेनाखालच्या. आखूड तार पुरत होती, दिसायलापण छान. ज्याचा व्हिडिओ पाहून डबा बनवला तो सांगत होता, या तारा अँटेनापासून लांब ठेवा, नाहीतर त्यात कचरा शिरतो. तेवढाच भाग मी पुढं ढकलला.
गव्हाला पाणी द्यायचं होतं म्हणून डबा तसाच परत बसवला. उद्या करू.

६ फेब्रु.
इकडं विहिरीत उतरायचं तर कुणीही आधी स्टार्टरचे फ्यूज उपसतो, खिशात टाकतो, मगच उतरतो. वरून कुणी चुकून चालू करायला नको. मावसांनीच मला लहानपणी दाखवलेलं.
आज मी नवीन तार घेऊन खोपीत गेलो तं तिन्ही फ्यूज जागेवर. अन् विहिरीतून मावसांचं खोकणं. केबलचा जोड खराब झालता, तो करायला उतरलेले.
फ्यूज कसे उपसले आठवत नाही. काठावर गेलो.
"मावसा! फ्यूज काऊन नाही काढले?"
"रिमोट घेतला ना संगं! हे पाय." सदऱ्याचा वरचा खिसा पुढं केला. "परवा खिशातच बटन दबलं असन, आज सांभाळून ठेवलं. आता कोन चालू करते?"
कमरेएवढ्या पाण्यात. हातात केबलची उघडी तांब्याची टोकं.
"काऊन बे, भूत पाह्यलं का?"
उपसलेले फ्यूज खिशात टाकले अन् ते वर येईस्तोवर काठावरच बसलो.

७ फेब्रु.
पिना बदलल्या. बोर्डाच्या पार दुसऱ्या कडेच्या. अँटेना डब्याबाहेर काढली. आता एक अक्षर नाही, पूर्ण शब्द, तोही लागोपाठ दोनदा आला तरच मोटार. दिवसभर रेडिओला बडबड करायला लावली. कचरा नाही.
पण आधीपण कितीतरी दिवस काही झालं नव्हतं ना.
मावसांना सगळं सांगितलं, पिनांसकट. ऐकून घेतलं, चिडले नाहीत. चिडले असते तं बरं.
"आता दुरुस्त झालं ना?"
"झालं. पण तुम्ही फ्यूज काढत जा."
"दुरुस्त झालं तं फ्यूज काऊन काढू? अन् नसन झालं तं तसं सांग."
मी परत लॅपटॉप जोडला, कचरा येतो का ते आणखी तासभर पाहत बसलो.

८ फेब्रु.
झोप नाही. डोळा लागला की पाण्यातलं ते तांबं. डबा काढूनच टाकू? मावशी म्हणते, "हात नको लावू त्याले. मी नाही जात आता अंधारात."

९ फेब्रु.
नाशिकचा दोस्त बोलावतोय, काम आहे म्हणे. बॅग भरली. मावशी म्हणाली, "जाय बाप्पा. तू कुठं टिकतं!"
निघताना खोपीत डोकावलो तं गावातले दोन शेतकरी डबा पाहायला आलेले. मावसा छाती फुगवून दाखवून राह्यले. रिमोट हातात धरून म्हणतात, "हे घालायचं खिशात, अन् बिनधास्त उतरायचं विहिरीत."
"मले पन एक बनवून दे बे," त्यातला एक म्हणाला. "आमची विहीर लय खोल हाय."
मावसा माझ्याकडं पाहत होते. मी बॅग खाली ठेवली अन् सगळ्यांसमोर म्हणालो, "फ्यूज काढल्याबिगर कुणी उतरू नका. हा डबा एकदा आपोआप चालू झालता."