बेचाळीस नंबरचा बिल्ला

२२ सप्टें., सोम.
शेवटचा बिल्ला आज ठोकला. कंपनीच्या स्टोअरमधल्या प्रत्येक अवजाराला आता बारकोडचा पत्रा, रिव्हेट मारून. कधीच निघणार नाही म्हणे. अंगावरचे जुने नंबर साहेबांनी घासून काढायला लावले, एका वस्तूला दोन नंबर नकोत. बरं झालं. "ड्रिल कुठाय ताई" हे आता स्कॅनरला विचारा, माझं डोकं खाऊ नका.
वजन उचलायच्या चेनपुल्या दोन, अगदी सारख्या. ४१ चांगली. ४२ चा ब्रेक घसरतो, म्हणून बाद. अंगावर लाल रंग, सिस्टीममध्येही लाल. भंगारवाला दिवाळीनंतर. तोवर कोपऱ्यात लटकतेय.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पाने, ड्रिल, पुल्या, सगळं धुऊन, पिवळा रंग मारून टेबलावर मांडलं होतं. हळदकुंकू, झेंडू. स्कॅनरलाही हार! भाऊ सचिन मेंटेनन्सला, त्याने फोटो काढून गावी, गडबला, आईला पाठवला.
बाद पुलीलाही रंग न् हार. हे कशाला, विचारलं. दत्ताकाका, आमचे जुने फिटर, धरमतर खाडीकडचे, म्हणाले, "बाद झाली म्हणून काय गो? इतकी वर्सं ओझी उचलली तिनं. आज तरी मान नको?"
भरून आलं, खरं सांगते. पेढे दोन खाल्ले.

४ ऑक्टो., शनि.
सोमवारपासून प्लांट बंद, वर्षाची दुरुस्ती. पुल्या बघायला गेले. दोन्ही पिवळ्याधमक. स्कॅन केलं, एक हिरवी, एक लाल. ठीक. मग लक्ष गेलं, रिव्हेट रंगाच्या वर. म्हणजे नवे.
काकांना गाठलं. बारकोडवर रंग बसू नये म्हणून त्यांनी बिल्ले काढले होते. कुंकवाच्या ताटात ठेवले, पूजा झाल्यावर परत ठोकले. जिथले तिथेच ना, विचारलं.
"व्हय तर."
काका हात धुऊन आले, तेव्हा म्हणाले, "ठोकले असतील गो."
दोन्ही पुल्या पुन्हा निरखल्या, फरक दिसेना.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी
साहेबांना म्हटलं, दोन्ही अडवून ठेवा, टेस्ट होऊ दे. टेस्टवाला दिवाळीआधी मोकळा नाही. भाड्याची पुली आणायची तर मुंबईच्या ऑफिसची परवानगी. मग म्हणाले, "मॅडम, बिल्ले कायमचे का लावले? शंका नको म्हणूनच ना? हिरवी आहे ती द्या."
बुधवारी रिॲक्टरचं झाकण उचलायचंय. खाली सचिन असणार. आमचा सच्या.
संध्याकाळी दूध प्यायला माझ्या घरी आला होता. सगळं सांगितलं. हसला. "ताय, तू लय विचार करते. हिरवी हाय ना?" गेल्यावर माझा पेला तोंडाला लावला तर दुधात साखरच नाही. गाढवाने एका शब्दाने सांगितलं नाही, सगळं प्यायला.

७ ऑक्टो., मंगळ.
सकाळी काका न् मी दोन्ही पुल्यांना जुनी मोटर टांगून पाहिली. दोन्हींनी धरली. धरणारच, ब्रेक घसरतो तो भरल्या वजनाला. आमच्याकडे तेवढं वजन त्या झाकणाचंच.
काका स्वतः साहेबांकडे गेले. चूक माझी, म्हणाले. वय झालं काका, आराम करा, असं उत्तर मिळालं. डबा न उघडताच परत नेला त्यांनी. त्यांच्यावर राग धरावा म्हटलं तर धरवतही नाही. मानच द्यायला गेला बिचारा.

तोच दिवस, संध्याकाळ
केलं.
सगळे चहाला गेल्यावर ड्रिल घेतलं, दोन्ही पुल्यांचे बिल्ले काढले. ड्रिल कधी हातात धरलं नव्हतं, अंगठा सोलवटला. बिल्ल्याशिवाय वस्तू स्टोअरबाहेर द्यायची नाही, हा साहेबांचाच नियम.
बिल्ले आता समोर, जेवणाच्या टेबलावर. कडांना कुंकू आहे अजून. उद्या साहेब विचारतील, यातली ४२ कुठली. माहीत नाही म्हणेन. कालपासून तेच तर सांगतेय. नोकरी जाईल का? जाईलही. भीती वाटते. आणि माझ्या नाकावर टिच्चून कुणी नवे बिल्ले ठोकले तर? रिव्हेट मारायला कितीसा वेळ लागतो.
सचिनचा फोन आला. उद्या लवकर निघतोय, बाईकवरून घेऊन जाऊ का म्हणाला. त्याला यातलं काही सांगितलं नाही.
ये म्हटलं.