सगळ्या सोलला जातात

११ नोव्हेंबर

आणखी एक गेली! हाम आजी — बाजारात सुके मासे विकतात. गर्भाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन इथे आमच्या हॉस्पिटलातच ठरलेलं. आमच्या सर्जन डॉ. प्यो यांनी सगळं नीट समजावलं होतं, आजी तयार होत्या. आज सून आली आणि रिपोर्ट मागून घेतले. सासूला राजधानीत, सोलला, मोठ्या हॉस्पिटलात नेलं नाही तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही, म्हणाली. आजी माझा हात धरून पुटपुटल्या, "मला इथंच बरं वाटत होतं गं." मी काय करणार?

१४ नोव्हेंबर

बैठक. संचालकांचं म्हणणं — या किनाऱ्यावरच्या बायकांसाठी कॅन्सर विभाग उघडला, त्याच येत नाहीत. वसंतापर्यंत ऑपरेशनं वाढली नाहीत तर कुलूप. आता ऑपरेशनं कमी म्हणून भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येतो, आणि तो एकदाच येतो म्हणून बायका येत नाहीत! मीच तावातावाने बोलले. ज्यांना डोंगर ओलांडून जाणं झेपत नाही त्यांनी काय घरी पडून मरायचं? संचालकांनी पुढचा विषय घेतला.

१५ नोव्हेंबर

दिवसभर पेशंट बायकांना फोन. सगळ्यांना तेच सांगते, आमच्या डॉक्टर सोलमध्येच शिकल्यात. एकीने विचारलं, "मग इथं कशाला आल्या?" मी फोन ठेवला.

२६ नोव्हेंबर

पोट फुगलंय. वर्षभराची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालून दमले असेन म्हणून चालढकल केली — मी, याच विभागाची नर्स! आज डॉ. प्यो यांनी सोनोग्राफी केली. मध्येच स्क्रीन माझ्यापासून वळवला. कुठल्याच बाईपासून त्यांनी तो वळवलेला मी पाहिला नव्हता.

अंडाशयावर गाठ. पोटात पाणी. भीती वाटते. खूप.

२७ नोव्हेंबर

ऑपरेशन इथेच करायचं. मीच सोलला गेले तर उद्या दुसरीला कुठल्या तोंडाने थांबवू? विभाग बुडालाच म्हणायचा.

२९ नोव्हेंबर

डॉ. प्यो यांना निर्णय सांगितला. एरवी मला 'यांग नर्स' म्हणतात. आज दार लावलं आणि म्हणाल्या, "ताई, सोलला जा. मी बोलून ठेवलंय तिथं."

भांडणार होते. पण खरं लिहिते — सुटल्यासारखं वाटलं.